थ्रो नंतर, आधी तोल

"तू एवढी वर्षं ज्युदो करतेस, मग तुझ्या कादंबऱ्यांत मारामारी कशी नाही?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की एकदा नीट बसून लिहावंच म्हटलं. विचारणाऱ्यांचं काही चुकत नाही. लोकांना वाटतं जिनं मार खाल्लाय तिनं लिहिलेली मारामारी खरी उतरणार, श्वास कुठे कोंडतो, खांद्यात कळ कशी जाते, सगळं आतून माहीत असणार. असतंही. पण तेवढ्यासाठी मॅटवर जायची गरज नाही, चार मॅचेस नीट बघितल्या तरी भागतं. ज्युदोनं मला जे दिलं ते सगळं मारामारी नसलेल्या पानांवर गेलंय. आई आणि मुलगी स्वयंपाकघरात भांडी लावतायत आणि मध्येच घर विकायचा विषय निघतो, असल्या पानांवर.

ते कसं, हे सांगायला थोडं मागे जावं लागेल.

ज्युदो सुरू केला जिगोरो कानो यांनी, १८८२ साली, तोक्योतल्या एइशोजी नावाच्या बौद्ध मंदिरात, १२ ताताम्यांच्या खोलीत (तातामी म्हणजे ती जपानी घरातली जाड चटई), आणि विद्यार्थी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. कानो तेव्हा २१ वर्षांचे, शिकलेसवरलेले, अंगानं लहानखुरे. पुढे ते मोठे शिक्षणतज्ज्ञ झाले, १८९३ मध्ये नात्सुमे सोसेकीला इंग्रजी शिकवायच्या नोकरीवर घेणारे हेच कानो, आणि तेव्हा सोसेकी कादंबरीकार व्हायला अजून बराच अवकाश होता, हे मला उगाचच फार आवडतं. तर या कानोंचे एक गुरू होते, जुजुत्सूतल्या (म्हणजे ज्युदोच्या आधीच्या जुन्या जपानी झुंजविद्येतल्या) कितो-रयू घराण्याचे इइकुबो त्सुनेतोशी. फेकण्यात एवढे पक्के की कानोंचं त्यांच्यापुढे काही चालायचं नाही. आणि मग १८८५ च्या सुमारास एक दिवस सरावात कानो गुरूंनाच फेकायला लागले, एकदा चुकून नाही तर परत परत. गुरू चक्रावले, हे काय झालं म्हणून विचारलं. कानोंनी सांगितलं की मी आधी तुमचा तोल मोडतो आणि मग आत शिरतो. त्यावर गुरू म्हणाले की आता माझ्याकडून तुला शिकण्यासारखं काही राहिलं नाही. हा प्रसंग कानोंनी स्वतःच सांगून ठेवलाय.

तेव्हापासून ज्युदोत प्रत्येक डावाचे तीन भाग शिकवतात. कुझुशी म्हणजे समोरच्याचा तोल मोडणं, त्सुकुरी म्हणजे त्या मोडलेल्या तोलात आपलं अंग नेमक्या जागी बसवणं, आणि काके म्हणजे प्रत्यक्ष फेकणं. बाकड्यावर बसलेल्या पालकांना फक्त तिसरा भाग दिसतो, टाळ्याही त्यालाच पडतात. मॅटवर असलेल्या दोघांना मात्र पहिल्या भागातच कळलेलं असतं की आता गेलं.

मी कादंबरी लिहिताना सगळा जीव या पहिल्या भागावर लावते. पुस्तकात जे "घडतं" ते, म्हणजे कुणी घर सोडून जातं, कुणी सही करतं, कुणी एकदाचं खरं बोलून टाकतं, ते काके आहे आणि त्याला दोन ओळी पुरतात. त्याच्या आधीची वीस पानं त्या माणसाचा तोल कुठे होता आणि कसा कसा सरकत गेला याची असायला हवीत. ती वीस पानं नसतील तर दोन ओळी कितीही जोरात लिहा, वाचणारा मान हलवतो आणि पान उलटतो.

आता हे ऐकायला सोपं वाटतं पण अंगानं शिकल्याशिवाय मला ते कळलं नसतं, याची मला खात्री आहे. एका हातात समोरच्याची बाही, दुसऱ्या हातात गळ्यापाशी कॉलर. डोळे फारसे उपयोगाचे नसतात, उलट डोळ्यांवर गेलात तर उशीर होतो. जे काही कळतं ते कापडातून कळतं. ती पुढे यायच्या आधी तिची कोपरं किंचित जड होतात, ती घाबरलेली असेल तर कॉलर धरलेला हात ताठ होतो, दमलेली असेल तर सगळं वजन तुमच्या मनगटावर येऊन पडतं. आमच्या क्लासमध्ये एक डाव सुरुवातीलाच शिकवतात, देआशीबाराई, चालत्या माणसाचा पाय तळव्यानं बाजूला सारायचा. जोर अजिबात लागत नाही. पण वेळ म्हणजे एवढीशी, तिचा पाय जमिनीला टेकतोय आणि वजन अजून त्यावर पुरतं आलेलं नाही, तेवढ्यात. आधी मारला तर पाय नुसता हलतो, नंतर मारला तर तुमच्याच नडगीला लागतं. आणि जमला तर काहीच जाणवत नाही, हाताला नाही पायाला नाही, फक्त समोरची खाली असते.

दोन माणसांचं बोलणंही मला असंच ऐकू येतं आता. कोण कशावर रेललंय. वर त्या आई-मुलीचं म्हटलं ना, त्यात आई रेललीये "तुझ्या बाबांनी एकेक वीट बघून घेतली होती" या वाक्यावर. ते तिचं पक्कं पाऊल. मुलीनं त्याला धक्का दिला, की आता बाबा नाहीत आणि मेंटेनन्स कोण भरणार, तर आई आणखी घट्ट उभी राहणार, तिला तेच हवंय, ढकलणाऱ्याविरुद्ध उभं राहणं तिला आयुष्यभर येतं. मग मुलगी ढकलत नाही. ती म्हणते, "बरं, नको विकायला." आणि वाटी पुसत राहते. आईनं जोर लावलेला असतो आणि समोर काही नसतं, म्हणजे तोल पुढे गेला, आणि मग तीच बोलून जाते की मला रात्री या घरात एकटीला झोप लागत नाही. सगळा प्रसंग तिथेच झाला. पुढे घर विकलं गेलं हे मी पुढच्या प्रकरणात येताजाता सांगितलं तरी चालतं. समोरच्यानं ढकललं की ओढायचं आणि ओढलं की ढकलायचं, हे ज्युदोतलं अगदी पहिल्या महिन्यातलं ज्ञान आहे, पण कागदावर ते मला हातांच्या सवयीनं सुचतं, विचार करून नाही.

आमच्याकडे कुस्तीतून आलेली पोरं असतात, त्यांच्यात हे बघायला मजा येते. लाल मातीत वाढलेल्या पोराच्या हाताला तोल आधीच कळतो, ते वेगळं शिकवावं लागत नाही. फक्त सवयीनं ती पोरं एकेरी पट काढायला, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरायला, खाली वाकतात आणि सर थांबवतात, कारण आंतरराष्ट्रीय नियमांत उभ्यानं पायाला हात घालण्यावर २०१० मध्ये बंधनं आली आणि २०१३ पासून ते पूर्णच बंद झालं. एवढा हुकमी डाव काढून घेतल्यावर आधी ती पोरं चिडतात, मग पाठ सरळ ठेवून खेळायला लागतात आणि तेव्हा त्यांचा खेळ खरा बघण्यासारखा होतो.

पण सगळ्यात आधी पडायला शिकवतात. हे लिहिणाऱ्यांनी नीट ऐकावं असं मला मनापासून वाटतं. उकेमी, म्हणजे आपण ज्याला ब्रेकफॉल म्हणतो तो. हनुवटी छातीला, नजर स्वतःच्या बेल्टकडे, म्हणजे डोकं मागे आपटत नाही, आणि पाठ टेकते त्याच क्षणी हाताचा आख्खा तळवा ते कोपर मॅटवर थाडकन. मागे, डावीकडे, उजवीकडे, पुढे लोळून. कंटाळा येईपर्यंत, कंटाळ्याच्याही पलीकडे. मग एक दिवस लक्षात येतं की खांदे सैल झालेत. ज्याला पडायची भीती असते तो ताठ उभा राहतो, आणि ताठ माणसाला फेकणं सगळ्यात सोपं, कारण तो एका तुकड्यात येतो.

मी नवीन लिहिणाऱ्यांच्या कादंबऱ्या पुष्कळ वाचते, काही जण हस्तलिखितं पाठवतात, आणि त्यात हाच ताठपणा दिसतो. लेखकाचं नायिकेवर प्रेम असतं म्हणून तिला पडूच देत नाहीत. तिचं लग्न मोडतं पण चूक नवऱ्याची, नोकरी जाते पण चूक साहेबाची, ती भांडते तेव्हा प्रत्येक वाक्य बरोबर. तीनशे पानं ती ताठ उभी. अशा बाईवर माझा जीव जडत नाही हो. तिला पाडा, आणि ती पडताना नेमकं काय धरायला जाते ते लिहा. पडताना माणूस हात टेकायला जातो (आणि मनगट मोडून घेतो, म्हणून तर उकेमी शिकवतात), म्हणजे जी गोष्ट धरून वाचू असं वाटतं तिनंच मोडतो. तिच्या पडण्यातली ही गोष्ट सापडली की ती बाई मला कळली.

आणि जी पडते तिचं कामही काही कमी नसतं. काताच्या सरावात, म्हणजे ठरलेल्या क्रमानं डाव करायचे असतात त्यात, एक जण फेकणारा असतो, तोरी, आणि एक जण फेकला जाणारा, उके. कुणी कुणाला फेकायचं हे आधीच ठरलेलं. पण नियम असा की उकेनं हल्ला खरा करायचा. अंगावर खरंच यायचं, लागेल अशा वेगानं यायचं. तो लुटूपुटूचा आला तर तोरीचा डाव कितीही देखणा असला तरी खोटा पडतो, जाणकारांना लगेच दिसतं. कादंबरीत शेवट लेखकाला माहीतच असतो, कोण हरणार ते ठरलेलं असतं, आणि म्हणूनच हरणाऱ्यानं आपण जिंकणारच आहोत अशा समजुतीनं यायला पाहिजे. तो जमीन बळकावणारा काका असू दे, सुनेला छळणारी सासू असू दे, त्यांना त्यांची बाजू पूर्ण बरोबर वाटत असते. मी असं एखादं पात्र लिहायला घेते तेव्हा आख्खा एक खर्डा त्याच्या बाजूनं लिहिते, तो छापायचा नसतो, पण तो लिहून झाल्यावर काका खरंच अंगावर येतो.

काताचा विषय निघालाय तर काताच्या मोठ्या जाणकार केइको फुकुदांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. कानोंच्या पहिल्या जुजुत्सू गुरूंची ही नात, स्वतः कानोंकडे शिकलेली. कोदोकानमध्ये, म्हणजे कानोंनी काढलेल्या ज्युदोच्या शाळेत, बायकांना पाचव्या दानच्या (दान म्हणजे ब्लॅक बेल्टच्या पायऱ्या) पुढे जाऊच देत नव्हते म्हणून ही बाई जवळजवळ दोन दशकं पाचव्यावरच थांबली, अमेरिकेत सान फ्रान्सिस्कोला शिकवत राहिली, आणि अमेरिकेतल्या ज्युदो संघटनेनं तिला दहावा दान दिला तेव्हा साल होतं २०११ आणि तिचं वय ९८. २०१३ मध्ये ती गेली. ऑलिंपिकमध्ये बायकांचा ज्युदो पदकांसाठी आला तोच मुळी १९९२ ला.

आता ज्यांच्याकडे मला कधीचं यायचं होतं ते इनोउए यासुशी.

जपानचे हे फार मोठे कादंबरीकार, १९०७ चा जन्म, वडील लष्करात डॉक्टर. १९२७ मध्ये ते कानाझावाच्या चौथ्या उच्च विद्यालयात दाखल झाले, जपानच्या समुद्राच्या बाजूचं, भरपूर बर्फ पडणारं शहर, आणि तिथे ते ज्युदोत शिरले ते अक्षरशः बुडालेच. तो ज्युदो आपल्याला टीव्हीवर दिसतो तसला नव्हता, त्याला कोसेन ज्युदो म्हणतात, शाळा-शाळांमधल्या स्पर्धांचा, १९१४ पासून क्योतोच्या विद्यापीठानं भरवलेल्या. त्यात उभ्यानं फेकण्यापेक्षा जमिनीवरच्या पकडीला महत्त्व, थेट खाली ओढून नेलं तरी चालायचं. आज जगभर जी पायांच्या त्रिकोणाची गळाआवळ दिसते, सांकाकु-जिमे, ती याच शाळांच्या चुरशीतून पुढे आलेली आहे.

जमिनीवरच का, तर त्यामागे साधा हिशोब होता. पोरं तिथे येणार तीन वर्षांसाठी. उभ्यानं चांगलं फेकायला लहानपणापासून मुरावं लागतं, उपजत चपळाई लागते. जमिनीवरचं काम मात्र कुणीही शिकू शकतो, फक्त सराव लागतो, बेसुमार सराव. म्हणजे कधी बेल्ट न बांधलेला पुस्तकी पोरगा तीन वर्षांत तरबेज गड्याला रोखून धरू शकतो. इनोउएंनी पुढे या दिवसांवर आत्मचरित्रात्मक कादंबरी लिहिली आणि तिच्यात हाच विचार पुन्हा पुन्हा येतो, की सरावाचं प्रमाणच सगळं ठरवतं.

आणि मग पुढचं बघा. तिसऱ्या वर्षी, १९२९ मध्ये, ते ज्युदोच्या संघातून बाहेर पडले आणि त्याच सुमाराला कविता लिहायला लागले. पण कादंबरीकार म्हणून नाव व्हायला आणखी वीस वर्षं गेली. मधे वर्तमानपत्रात नोकरी, मधे युद्ध. १९५० च्या सुरुवातीला आकुतागावा पारितोषिक मिळालं तेव्हा ते ४२ वर्षांचे होते. त्यानंतर हा माणूस थांबलाच नाही, चीन, मध्य आशिया, इतिहास, आई, एवढं लिहिलंय की वाचता वाचता आपण दमतो. मला त्यात तो कानाझावाचा हॉल दिसतो. त्यांची गद्याची चालही तशीच आहे, एकदम उचलून आपटणारं वाक्य नाही, हळूहळू जमिनीवर नेतात, एक हात अडकवतात, मग पाय, आणि आपल्याला कळतं तेव्हा हलता येत नसतं. हे माझं वाचन आहे, कुणाला पटणार नाही, चालेल.

आणखी एक जपानी लेखक, तोमिता त्सुनेओ, त्यांचं प्रकरण वेगळं. त्यांचे वडील त्सुनेजिरो म्हणजे कोदोकानचे अगदी पहिले विद्यार्थी, एइशोजीच्या त्या खोलीतले. मुलगा स्वतः पाचव्या दानपर्यंत गेला आणि १९४२ मध्ये त्यानं त्या पहिल्या दिवसांवर कादंबरी लिहिली, नायक सुगाता सान्शिरो, जो बराचसा कोदोकानच्या सुरुवातीच्या नावाजलेल्या खेळाडूवर, साइगो शिरोवर, बेतलेला. पुढच्याच वर्षी अकिरा कुरोसावानं तिच्यावर आपला पहिला सिनेमा काढला. त्यातला लोकांना आठवणारा प्रसंग लढतीचा नाहीये. रस्त्यावर मारामाऱ्या करून आलेल्या सान्शिरोला गुरू झापतात, तो रागारागानं तळ्यात उडी मारतो आणि रात्रभर खांब धरून चिखलात उभा राहतो. सगळ्यांना फेकणारा माणूस एका जागी अडकून पडलाय, ढकलायला समोर कुणी नाही. घरातच ज्युदो असलेल्या लेखकाची गोष्ट या वळणावर येऊन थांबते याचं मला अजिबात आश्चर्य वाटत नाही.

जपानी कादंबरीकार मिशिमाचं नाव कुणीतरी काढणारच म्हणून सांगते. केंडोत, म्हणजे जपानी तलवारबाजीत, पाचवा दान, आणि शरीर आणि शब्द यांच्यावर त्यानं जे लिहिलंय ते मी आदरानं वाचलंय. पण त्याच्यासाठी शब्द आणि शरीर एकमेकांचे वैरी होते, आणि १९७० मध्ये त्यानं स्वतःचं पोट चिरून आत्महत्या केली. मला ते वैर कधी जाणवलं नाही. बहुतेक कारण हे की त्याचं बरंचसं शरीर वजनं उचलून, आरशापुढे घडलेलं, आणि ज्युदो एकटीनं करता येत नाही. तिथे तुमचं शरीर किती सुंदर आहे याला काही किंमत नसते, दुसऱ्याचं शरीर तुम्हाला किती कळतंय याला असते, आणि कादंबरीलाही दुसऱ्या माणसाशिवाय कुठलं काम आहे?

एक प्रसंग मी लिहिणाऱ्या मित्रमैत्रिणींना नेहमी सांगते. २३ ऑक्टोबर १९६४, तोक्यो ऑलिंपिक, निप्पोन बुदोकान. ज्युदो पहिल्यांदाच ऑलिंपिकमध्ये आलेला, आणि खुल्या गटाच्या फायनलमध्ये जपानचा कामिनागा आकिओ विरुद्ध नेदरलँड्सचा आंतोन हेसिंक, जवळजवळ दोन मीटर उंच. हेसिंकनं त्याला केसा-गातामेत, म्हणजे मानेभोवती हात घालून छातीनं दाबून धरायच्या पकडीत घेतलं. तेव्हा ३० सेकंद दाबून ठेवलं की सामना संपायचा. संपला. डच लोक आनंदानं मॅटकडे धावत निघाले आणि हेसिंकनं, अजून खालीच असताना, हात वर करून त्यांना थांबवलं. मॅटवर यायचं नाही.

बातमीदार हेसिंकचा तो हात लिहील, आणि लिहावाच. मला लिहायचंय ते खालून, कामिनागाकडून. त्या पकडीत मी असंख्य वेळा सापडलेय, माझ्या दुप्पट वजनाच्या माणसांखाली. तुमचा एक हात त्याच्या काखेत, कान त्याच्या बरगड्यांवर, त्याचा श्वास तुम्हाला तुमच्या श्वासापेक्षा मोठ्यानं ऐकू येतो. पहिले काही सेकंद तुम्ही पूल करता, म्हणजे कंबर कमानीसारखी उचलता. मग एक जागा येते जिथे तुम्हाला कळलेलं असतं, आणि घड्याळ चालूच असतं, आणि तरी तुम्ही धडपडत राहता, कारण सगळे बघतायत, आणि त्या दिवशी तर आख्खा जपान बघत होता. कळल्यापासून संपेपर्यंतचा हा जो काळ आहे, घड्याळात दहा-पंधरा सेकंद, त्याच्यात माझी दोन प्रकरणं सहज मावतात. माझ्या सध्याच्या कादंबरीतल्या माणसाचा कारखाना बुडतोय, आणि तो कळल्यानंतरही रोज सकाळी शर्टाला इस्त्री करून जातो. ते मी या पकडीतूनच लिहितेय.

तर ज्यांना लिहायचंय आणि मॅटवर यावंसं वाटतंय त्यांच्यासाठी थोडं कामाचं. वयाचं काही मनावर घेऊ नका, आमच्याकडे चाळिशीतल्या बायका नव्यानं येतात आणि छान पडतात. गुडघ्याचं किंवा पाठीचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि सरांना पहिल्याच दिवशी सांगा. मारामारी शिकून ती पुस्तकात घालू या हिशोबानं येऊ नका, दोन महिन्यांत सोडून द्याल. क्लास बघायला जाल तेव्हा बाकड्यावर बसून एक बघा, नवीन माणसाला किती दिवस नुसतं पडायला शिकवतायत. पहिल्याच दिवशी थ्रो शिकवत असतील तर नमस्कार करून दुसरा क्लास शोधा.